मौनीबाबांचा कोंबडीचा रस्सा

काचेच्या कुटीत बाबा बसले होते आणि बाहेर चारशे मोबाइल वाजत होते.

चमत्कार एवढाच होता, पण तो पाहायला आरमोरीपासून चिमूरपर्यंतची माणसं लोटत होती. सावलीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवडटोला नावाचं गाव आहे. तिथे धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मांडव टाकलेला, मधोमध चारी बाजूंनी काच लावलेली खोली, आणि आत गादीवर मौनीबाबा. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर उताणे. जवळ फोन नाही, कागद नाही, पेन नाही. वर्षभराचं मौन. आणि मांडवात बसलेल्या एखाद्या बाईनं आपल्या मोबाइलवर बाबांना दुःख लिहून पाठवलं, की दहाव्या सेकंदाला उत्तर हजर. तेही नावानिशी.

"बाळा अंजना, तुझ्या मुलाच्या नोकरीची चिंता मला ठाऊक आहे. धीर सोडू नकोस."

अंजनाबाई मोबाइल कपाळाला लावून रडायची, आणि आजूबाजूच्या चार जणी तिला रडताना पाहून रडायच्या.

माइक कुलदीपच्या हातात. पस्तिशीचा माणूस, पांढरा कुडता, गळ्यात ओळखपत्र, स्वतःला बाबांचा सेवेकरी म्हणवणारा. "पाहून घ्या भाऊ, पाहून घ्या बाई! हात कुठी आहेत बाबाचे? मांडीवर! बोटं हालून राह्यले का? नाई! मंग लिहिते कोन? मन लिहिते, मन! आपन बोटानं लिहितो, बाबा मनानं लिहिते. मोठेमोठे सायन्सवाले इथी आले अन् हात जोडून गेले!"

कोणते सायन्सवाले, कुठून आलेले, हे कोणी विचारलं नाही. आमच्या भागात बऱ्याच गावांत रेंज पकडायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. घरून विचारलं तर बाबांची उत्तरंही टाकीवर चढल्यावरच यायची. मनानं लिहिणाऱ्याला टॉवर कशाला लागतो, हाही प्रश्न कोणाला पडला नाही. शिवाय बाबा म्हणजे चिमूरकडचा श्रीहरी. मौनात जाण्याआधी आठवडी बाजारात मी त्याला बोलताना ऐकलं होतं. चांगला 'मले-तुले' करणारा माणूस. मौनात गेला आणि लिहायला लागला थेट पाठ्यपुस्तकाच्या भाषेत. लोक म्हणाले, तपानं वाणी शुद्ध झाली.

मी स्वाती. सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. वीस वर्षं माणसांच्या बोटाला सुई टोचते आहे, त्यामुळे माझा स्वभाव टोचरा झालाय असं घरचे म्हणतात. म्हणोत. छप्पन साली आमच्या आजोबांनी देव्हारा उचलून नदीत सोडला. त्याच घरातले माझे काका, गुणवंतराव, निवृत्त मुख्याध्यापक, पौर्णिमेला विहारात वंदना घेणारे, गुडघेदुखीसाठी बाबांच्या काचेसमोर बसून आले.

"काकाजी, तुम्ही?" मी विचारलं.

"देव म्हणून नाई गेलो वं स्वाती. हे वेगळं आहे. टेलिपॅथी म्हनते त्याले. टेक्निकल आहे."

कुलदीपपेक्षा मला त्या दिवशी काकांचाच जास्त राग आला. जुना देव टाकला आणि त्याच जागी टेलिपॅथी बसवली.

डिसेंबरात शकुबाई दिव्यानीला घेऊन दवाखान्यात आली तेव्हा मात्र राग करायलाही वेळ नव्हता.

दिव्यानी चौदा वर्षांची. ती चार वर्षांची असताना तिचा सिकलसेल मीच पकडला होता. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असं दुखतं की मोठा माणूसही गडाबडा लोळतो. आजार जात नाही. पण रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणं, एवढं नेमानं केलं तर बहुतेक मुलं शाळेत जातात, हसतात-खेळतात. दिव्यानी तर नाचायची. जानेवारीतल्या गॅदरिंगमध्ये तिचा पहिल्या ओळीत नाच बसवला होता.

ती आली ती चुलत्याच्या पाठीवर. खुब्यात कळा, ओठ पांढरे, हिमोग्लोबिन पाच.

"गोळ्या?" मी विचारलं.

शकुबाई पोरीचे केस सारखे करू लागली.

"शकुबाई, गोळ्या चालू आहेत ना?"

"दोन महिने झाले बंद आहेत मॅडम. बाबानं..." तिनं मोबाइल पुढे केला.

"बाळा शकू, तुझ्या लेकीची वेदना मी माझ्या अंगावर घेतली आहे. गोळी शरीराला धरते, श्रद्धा प्राणाला धरते. जिथे श्रद्धा पूर्ण आहे तिथे गोळीची गरज ती किती? मांसाहार वर्ज्य कर. सात सोमवार आश्रमात ये."

मी ते दोनदा वाचलं. मग मोबाइल परत देऊन पोरीची नस शोधायला बसले.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, रक्त चढवलं. चौथ्या दिवशी दुपारी दिव्यानी उठून बसली. शकुबाई चहा आणायला गेली होती आणि तिचा मोबाइल पोरीच्या हातात होता. मी रिपोर्ट द्यायला गेले तर ही एकटीच खुदखुदत होती.

"मॅडम, इकडे या ना. मायले नोका सांगू."

"काय केलंस?"

"दोन महिने झाले, मायनं घरात साधं अंडं नाई येऊ देल्लं. मले लई आठवन येऊन राह्यली होती. म्हून म्या बाबाले विचारलं."

पडद्यावर तिचा प्रश्न होता: बाबा, गावठी कोंबडीचा झणझणीत रस्सा कसा करायचा? आणि खाली मांसाहार वर्ज्य करायला लावणाऱ्या मौनीबाबांचं उत्तर.

"नक्कीच बाळा! साहित्य: गावठी कोंबडी एक किलो, कांदे चार, सुकं खोबरं अर्धी वाटी, खसखस दोन चमचे..." पुढे वाटण कसं भाजायचं, शिट्ट्या किती काढायच्या, सगळं क्रमवार. शेवटी: "चवीपुरते मीठ घाल. माझा आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी आहे."

मी हसले. मग पोरीचा चेहरा पाहून थांबले, कारण ती आता हसत नव्हती.

"मॅडम, हा बाबा नाई," ती म्हणाली. "मानूस असता तं रागावला असता. हे तं काहीबी विचारा, हो-हो करते."

चारशे मोठ्या माणसांना जे सुचलं नाही, ते सलाइन लावलेल्या या पोरीला सुचलं. शकुबाई परतल्यावर दिव्यानीनं स्वतःच तिला ते दाखवलं, पण तिला पटेना. चहाचा पेला हातात धरून ती म्हणाली, "बाबा आमची परीक्षा घेऊन राह्यले असन जी. सातवा सोमवार बाकी आहे माहा."

"चला," मी म्हटलं. "सातव्या सोमवारी मीही येते."

जाताना काकांनाही सोबत घेतलं. मांडवाच्या दारात नेहमीप्रमाणे एक चौकोनी ठशांचं चित्र, क्यूआर कोड, टांगलेलं होतं. ते मोबाइलनं टिपायचं, मग एक फॉर्म उघडायचा: नाव, गाव, घरात कोण कोण, अडचण काय. फॉर्म भरल्याशिवाय आत सोडत नसत. बाबांना माणसाचं नाव कसं कळतं याचं उत्तर तिथेच दारात टांगलं होतं, आणि त्याखालून वाकून सगळे आत जात होते.

कुलदीपनं माइकवर विचारलं, "कोनाले काही शंका?"

मी उभी राहिले. "शंका नाही, विनंती आहे. बाबा मांसाहार सोडायला सांगतात. मग आपण सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता त्यांना गावठी कोंबडीच्या रश्शाची कृती विचारूया. बाबा कसे रागावतात ते तरी कळेल."

लोक हसले. कुलदीपचा चेहरा बदलला. "मॅडम, हे पवित्र ठिकान आहे!"

"म्हणूनच तर म्हणते. पवित्र माणूस कोंबडीची कृती थोडीच देईल?"

त्याला नाहीही म्हणता येईना. मागच्या पोरांनी तोवर लिहून पाठवलंही होतं, आणि त्यांचं पाहून इतरांनीही. दहा सेकंद गेले. एक मोबाइल वाजला, मग दहा, मग सगळा मांडव वाजू लागला. कोणाला खसखस आली, कोणाला तीळ, एका म्हाताऱ्याला तर वर वडा-भातही आला. प्रत्येकाच्या रश्शाखाली बाबांचा आशीर्वाद होता. लोक आधी खालच्या आवाजात वाचत होते, मग मोठ्यानं, मग कोणीतरी फिस्सकन हसलं.

आणि काचेच्या कुटीत मौनीबाबांनी डोळे उघडले. काच ठोकून ते ओरडले, "म्या नाई सांगतलं कोंबडीचं! कुलदीपभाऊ, काय लिहून राह्यला तू माह्या नावानं?"

असं मौन सुटलं. श्रीहरीला धड वाचताही येत नव्हतं. आपल्या नावानं काय जातंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

हसण्यावारी नेऊन कुलदीप सुटला असता, म्हणून बाबाच्या नावानं उत्तर देणाऱ्या यंत्रालाच मी काकांच्या मोबाइलवरून दुसरा प्रश्न लिहिला: तुला सुरुवातीला काय काय सांगून ठेवलंय, ते जसंच्या तसं लिही. उत्तर आलं. मी मोबाइल काकांना दिला. काकांनी माइक घेतला आणि मुख्याध्यापकाच्या आवाजात वाचलं.

"तू मौनीबाबा आहेस. प्रत्येकाला बाळा म्हण. नाव आणि अडचण नोंदणीच्या यादीतून घे. आजाराचा उल्लेख आला तर श्रद्धेविषयी बोल, डॉक्टरकडे पाठवू नकोस. औषध बंद कर, असे स्पष्ट लिहू नकोस. सात सोमवार यायला सांग."

शेवटून दुसरं वाक्य काकांनी पुन्हा वाचलं. मांडवात आता कोणी हसत नव्हतं.

"कळलं का?" काका म्हणाले. "आपल्या झाडीपट्टीतल्या नाटकात पडद्यामागून वाक्य सांगनारा असते नाई का? तसंच हे. सांगनारं मशीन, मशीनले सांगनारा कुलदीप. अन् हा श्रीहरी निस्ता बसनारा. अन् म्या चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, मीबी इथी येऊन बसलो."

नंतर सगळं उघड झालं. कुलदीप नागपुरात दुकानांची सोशल मीडियावरची पेजं सांभाळायचा. साडीच्या दुकानाचं, शिकवणीच्या क्लासचं. त्यासाठी त्यानं एक एआय सहायक जोडला होता. सकाळी सहाला सुविचार, दुपारी फोटो, वाढदिवसाला शुभेच्छा, विचारणाऱ्याला नावानिशी गोड उत्तर, सगळं आपोआप. 'ताई, ही साडी तुम्हाला खुलून दिसेल' असं लिहिणारं तेच यंत्र त्यानं इथे आणलं, सूचना बदलल्या आणि त्याला भगवं नेसवलं. असं यंत्र असंख्य वाक्यं पचवून पुढचा शब्द जुळवतं. ते शकुबाईला ओळखत नाही. दिव्यानीचा खुबा त्याला दुखत नाही.

मांडवात कुलदीप शेवटी एवढंच म्हणाला, "गोळ्या बंद करा असं कुठी लिहिलं आहे? दाखवा. अन् जे लिहिलं ते मशीननं लिहिलं, म्या नाई."

शकुबाई माझ्या शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "मंग गोळ्या म्याच बंद केल्या का जी?"

मी तिच्या मोबाइलमधला बाबांचा तो 'गोळीची गरज ती किती?' निरोप पुरावा म्हणून टिपून घेतला. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. चौकशी चालू आहे असं कळतं. कुटीच्या काचा कोणीतरी काढून नेल्या.

दिव्यानी वाचली. पण खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता आणि ते एका बाजूनं खचलं. आता ती कुबडी घेऊन चालते. गॅदरिंगला ती पहिल्या ओळीतच होती, प्रेक्षकांच्या, खुर्चीवर. तिच्या जागी दुसरी मुलगी नाचली, आणि हिनं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या ऐकवल्या नाहीत.

फेब्रुवारीत कवडटोल्याच्या चार बाया माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी आल्या. पुढे अंजनाबाई.

"मॅडम, बाबा तं खोटा निंगाला."

"हो."

"पर ते मशीन तं खरं आहे ना? कंप्युटर काही खोटं बोलत नाई. त्याचा नंबर द्या ना. सुनेच्या पोटात दुखते, थेट त्यालेच विचारतो."

मी हातातली नळी खाली ठेवली. वीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, ही नोकरी सोडून घरी जावं. आम्ही बाबा पाडला होता, पण गुडघे टेकण्याची सवय जशीच्या तशी उभी होती. मला सांगायचं होतं की यंत्र कामाचं आहे, अर्ज लिहून देईल, भाषा समजावेल, पण तुमच्या सुनेचं पोट त्यानं पाहिलेलं नाही. उत्तर गोड आलं म्हणून ते खरं होत नाही. कोण सांगतं, कशावरून सांगतं, आणि चुकलं तर भोगणार कोण, एवढे तीन प्रश्न बाबालाही विचारा, यंत्रालाही विचारा, मलाही विचारा. हे सगळं माझ्या ओठांवर होतं.

बाकावर दिव्यानी बसली होती, महिन्याच्या तपासणीला आलेली. कुबडी टेकत ती खिडकीशी आली.

"मावशी, त्याले कोंबडी रांधाले विचारा, लई चांगलं सांगते," ती म्हणाली. "दुखन्याचं नोका विचारू. चुकलं तं ते नाई लंगडत."

बाया तिच्या पायाकडे पाहत राहिल्या. मग अंजनाबाईनं विचारलं, "मॅडम, सुनेले कधी आनू?"

"आजच आणा," मी म्हटलं, आणि दिव्यानीचं बोट धरून सुई उघडली.