गिरणीतली पहिली दुपार

ब्याण्णव साली कोलशेतची बंद कापडगिरणी दुरुस्त करून तिथे स्वस्तातली घरं काढली. त्यातलं एक मालू आणि गुणाजीला मिळालं. गुणाजीने उमेदीच्या काळात तिथेच माग चालवला होता.

सामान टाकून तो फरशीवर आडवा झाला आणि म्हणाला, "मालू, माग चालू हाय गो. पाठीला लागतंय."

मालूने त्याला वेड्यात काढलं नाही. छपराच्या उंच काचांतून ऊन उतरत होतं, त्यात जुन्या कापसाचे तंतू तरंगत होते. तीही शेजारी निजली. बाहेर खाडी भरत असावी. हळूहळू फरशी थरथरल्यासारखी वाटली.

"लागतंय खरं," ती म्हणाली.

गुणाजी गाढ झोपला होता. गिरणी सुटल्यापासून दुपारी त्याचा डोळा कधी लागला नव्हता. बोचकी सोडायची होती, पण मालू उठली नाही.