तुटक्या शेपटीची धामण

जिज्ञासाने नातं तोडलं तेव्हा हेमंत अंथरुणालाच खिळला. अंबरनाथ एमआयडीसीतली शिफ्ट संपली की घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईवडील गावी होते, घरात तो आणि त्याची मोठी बहीण रविना. शेवटी तिनेच त्याला उठवलं.

"दर रविवारी एक नवी गोष्ट करायची. आयुष्यात कधी केली नाहीस अशी. चॅलेंज समज."

पहिल्या रविवारी तो एकटा उल्हासनगरला जाऊन दाल-पकवान खाऊन आला. चार वर्षांत जिज्ञासाशिवाय तो कुठल्या हॉटेलात बसला नव्हता. मग रक्तदान केलं. मग पोहायच्या क्लासला नाव घातलं. एकदा पुरणपोळ्या केल्या, त्या तव्याला अशा चिकटल्या की बहीणभाऊ पोट धरून हसले. रविनाला वाटलं, सुटलो.

मग चंदर भेटला. बारवी धरणाकडच्या एका वाडीतला हा माणूस हेमंतच्याच कंपनीत बागकाम करायचा आणि कुठे साप निघाला की धरायला जायचा. हेमंत एका रविवारी त्याच्याबरोबर बघायला गेला आणि मग दुसरं काही नवीन करेनासाच झाला. काठी घेतली, झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्या आणल्या. चंदरने शिकवलं तसं पकडलेला साप जंगलात सोडून यायचा.

"लोक आरडाओरडा करत असतात," तो एकदा जेवताना म्हणाला, "मी गेलो की एकदम चूप. ताई, ते माझ्याकडे बघतात ना, तसं कुणीच कधी बघितलं नव्हतं."

रविनाला ते बोलणं आवडलं नाही. पण तो नीट जेवत होता, म्हणून तिने आणखी एक पोळी वाढली.

एका संध्याकाळी तो शीळ वाजवत घरात शिरला. "कुठे गेलो होतो सांग? बदलापूरला, मांजर्लीत. जिज्ञासाच्या बिल्डिंगमध्ये. धामण निघाली पार्किंगमध्ये. मी साप धरतो हे तिला कळलं होतं, तिनेच फोन केला. नंबर अनब्लॉक करून!"

"धामण विषारी नसते ना?"

"नसते," हेमंत शर्ट काढता काढता म्हणाला. "पण तिला कुठे माहितीय?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथूनच फोन आला. या वेळी साप दुसऱ्या मजल्यावर, जिज्ञासाच्या दारातल्या चपलांच्या रॅकमागे होता. ती लांब जिन्यात उभी राहिली, नंतर तिने पाणी दिलं, थँक यू म्हणाली, हे सगळं हेमंतने तीन-तीनदा सांगितलं.

"दुसऱ्या मजल्यावर साप कसा गेला?" रविनाने विचारलं.

"नदी जवळ आहे. जातात." तो मोबाइल बघत राहिला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी हेमंत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. थोड्या वेळाने चंदर दारात आला. आत यायलाही तयार नव्हता.

"ताय, जरा हा व्हिडिओ बगा." जिज्ञासाच्या सोसायटीतल्या कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ फिरत फिरत त्याच्याकडे आला होता. "या धामणीची शेपटी बगा, तुटकी हाय. हिला आमी दोघांनी आनंदनगरला पकडलेली. हेमंत बोलला, बारवीच्या जंगलात सोडतो. मंग ही मांजर्लीला कशी पोचली?"

रविनाने व्हिडिओ पुन्हा लावला. हेमंत धामण उंच धरून उभा होता, साप नाही तर बक्षीस मिळाल्यासारखा.

"हे विचारायला आलास?"

"नाय." चंदरने फोन खिशात ठेवला. "परवा आमी घोणस पकडली. ती पण सोडायला त्यानंच नेली."

रविना धावत आत गेली. हेमंतच्या पलंगाखाली मोठी बरणी आडवी पडली होती. तिला उग्र वास येत होता. आत काही नव्हतं.

तिने जिज्ञासाला फोन लावला. खूप वेळ रिंग वाजली.

"रविनाताई? तुम्ही?"

"कुठे आहेस?"

"घरी. निघतेय आता, आईला देवळात सोडायचंय. का?"

"निघू नको. चपला घालू नको, कशात हात घालू नको. आईला घेऊन पलंगावर बस. घोणस आहे, जिज्ञासा. विषारी आहे."

जिज्ञासा हळूच म्हणाली, "हेमंतनेच सोडलीय ना?"

रविना फोन कानाशी धरूनच बाहेर पडली.

चंदरच्या बाइकवरून ती दोघं बदलापूरला पोचली, तेव्हा हेमंत सोसायटीच्या गेटसमोर आपल्या गाडीवर बसला होता. मांडीवर काठी, हातात मोबाइल. बहिणीला पाहून तो दचकला, मग हसला.

"कुठे सोडलीस?" रविनाने विचारलं.

"काय?"

तिने त्याच्या थोबाडीत मारली. गेटजवळच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. हेमंत गाल चोळत राहिला.

"ती मला बोलावणार होती," तो म्हणाला. "मी लगेच गेलो असतो वर. दोन मिनिटांत. तिला काही होऊ दिलं नसतं."

"दोन मिनटं?" चंदरचा आवाज चढला. "चावायला किती लागतात? माझा चुलता घोणस चावून मेला. कुठं हाय बोल!"

"स्कूटीत. डिकीत. तिची जुनी चावी माझ्याकडे राहिली होती."

चंदरने हेमंतकडून चावी घेतली, पार्किंगमधल्या सगळ्यांना लांब केलं, कुलूप उघडलं आणि काठीने सीट वर उचलली. आत रेनकोट होता, गाडीचे कागद होते. त्याने रेनकोट काठीने बाहेर ओढला, झटकला. मग गॅरेजवाल्याला बोलावून गाडीचे पत्रे काढले.

घोणस नव्हती.

"मी तिथेच ठेवली होती," हेमंत म्हणाला. "शप्पथ ताई, तिथेच." तो शोधायला पुढे झाला, तर चंदरने त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि त्याला भिंतीशी उभं केलं.

पोलीस आले. सोसायटीने मुलांना वर कोंडलं, मोठी माणसं बूट घालून दिवसभर प्रत्येक कोपरा, प्रत्येक गाडी, पाण्याच्या टाकीमागची अडगळ उपसत राहिली. हेमंतला जीपमध्ये बसवलं, तेव्हा जिज्ञासा गॅलरीत उभी होती. त्याने मान वर केली. ती मात्र खाली, जमिनीकडेच बघत होती.

"मिळाली का?" तिने वरून विचारलं.

चंदरने नकारार्थी मान हलवली.

"एकच होती ना?" रविनाने त्याला हळू आवाजात विचारलं.

"माझ्यासंगट एकच पकडली," चंदर म्हणाला. त्याने घाम पुसला. "पण या आठवड्यात दोनदा तो एकटाच साप धरायला गेलेला, ताय."