मानाचं पाणी

या, जरा पुढे सरकून बसा, तिकडे कोपऱ्यात ऐकू येत नाही. आरतीला अजून वेळ आहे. तोवर तुम्हाला एका मोटारीची गोष्ट सांगतो. हसू नका. देवाच्या दारात गोष्ट कशाचीही चालते, तिच्यात जीव लावणारं माणूस असलं म्हणजे झालं.

करावे गावच्या मुक्ताबाई कीर्तन करायच्या. मी वाशीच्या नव्या वसाहतीत राहायचो आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्यामागे पेटी वाजवायला जायचो. त्र्याऐंशी सालाचा सुमार असेल. बाईंचे गुडघे पार गेलेले. कीर्तनाला एकदा उभ्या राहिल्या की दुखणं कुठे पळायचं देव जाणे, पण एरवी अंगण ओलांडायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून त्यांचा धाकटा दीर किसन, त्याने एक जुनी मोटार घेतली होती. मोटार आहे तोवर कीर्तन, इतका साधा मामला.

आणि ती मोटारच तापायला लागली. बेलापूर सोडून जरा पुढे गेलं की काटा लाल खुणेला टेकायचा आणि बॉनेटमधून वाफ निघायची. किसनने काय काय केलं नाही. पंख्याचा पट्टा ताणला, रेडिएटरचं झाकण नवं बसवलं, रबरी नळ्या बदलल्या, थर्मोस्टॅट काढून ठेवला. पाणी कुठे गळत नव्हतं, तेलातही उतरलेलं नव्हतं. मग तापते का? "आता परत उकळली तर भंगारात देनार," तो म्हणाला.

अशात दिघ्याहून बयाबाईंचा निरोप आला. बयाबाई म्हणजे बाईंच्या जुन्या गुरुभगिनी. दोघी पोरवयापासून एकाच फडात टाळ धरून उभ्या राहिलेल्या. आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, आशा राहिली नव्हती. निरोप एवढाच, 'मुक्ताला सांगा, एक डाव माज्या म्होरं उभी रहा.'

रविवारी दुपारीच निघालो. बोनकोड्यापाशी आलो आणि काटा लाल. किसनने गाडी झाडाखाली घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"किसन," मागून बाई म्हणाल्या, "तिच्या अंगाला हात लावून बगितलास काय?"

"कुनाच्या?"

"गाडीच्या. पोराला ताप आला की आपन आदी कपाल बगतो, मंग पाय."

"वयनी, ही गाडी हाय. पोर नाय."

"मला काय म्हाईत. तूच तिला रोज शिव्या घालतोस पोरासारक्या."

किसन हसला नाही, पण उतरला. पंखा थांबलेला बघून त्याने रेडिएटरच्या जाळीपाशी हात नेला आणि वरून खाली हळूहळू फिरवला. वर हात ठरेना. खाली मात्र त्याने पंजा चक्क टेकवून ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सुधीरभाऊ, तुमी लावा." मी लावला. वर भट्टी आणि खाली रांजणासारखं गार.

"गरम पानी खाली उतरतच नाय," किसन म्हणाला. "जाली आतून तुंबलीय."

गाडी निवल्यावर त्याने रेडिएटरच्या तळाची पाण्याची चावी सोडली. भसाभस यायला हवं ते पाणी सुतासारखं आलं, आणि त्यात पांढरी कपची. ती त्याने बोटावर घेतली, जिभेला लावली आणि थुंकला.

"वयनी. खारी हाय."

"गाडी काय मिठागरात लोळवलीस?"

बोलल्या मात्र, आणि तिघांनाही एकदमच उमगलं.

आमच्याकडे कीर्तनकार दारात आला की त्याचे पाय धुतात. बाईंचे धुवायचेच. पण सगळ्यात आधी बयाबाईंनी, मोटार पहिल्यांदा दिघ्याला गेली तेव्हा म्हटलं होतं, "जिनं माज्या मुक्ताला आनली, तिला पानी नको?" आणि कळशी घेऊन किसनला झाकण उघडायला लावलं होतं. ते बघून गावोगावच्या बायांनी तीच रीत धरली. मानाचं पाणी म्हणायचं आणि गाडीत ओतायचं. खाडीकाठची गावं, विहिरी मचूळ. मानाला नको कसं म्हणायचं? किसन झाकण उघडत गेला.

तेवढ्यात बोनकोड्याची गोजरा आलीच, विहिरीवरची कळशी डोईवर. "मुक्ताबाय आली न सांगता? उघड रे किसन, बिचारी तापलेली दिसते."

किसन झाकणावर हात ठेवून उभा.

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "गोजरे, माजे पाय धुतेस तेवा पानी कुटं ओततेस?"

"पायावर. अजून कुटं?"

"माज्या तोंडात नाय ना ओतत?"

गोजराने त्यांच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "हिचे पाय कुटले?"

"चार हायत. मोजून घे."

गोजरा हसत सुटली. चारी चाकांवर तिने पाणी घातलं, हळदीकुंकूही लावलं. मग तिच्याच दारच्या नळाचं गोडं पाणी आम्ही रबरी पाइपाने जाळीत खालून वर, उलटं सोडलं. आधी गढूळ आलं, मग पांढरं, मग बरंचसं स्वच्छ. सगळं काही सुटलं नाही. किसन म्हणाला, हळू नेली तर पोचेल. आणि थांबत थांबत, गाडीला निववत, दिवेलागणीला दिघ्याला पोचलो.

बयाबाईंचा हात उशाशी झाकलेल्या तांब्यावर होता. आवाज अगदी खोल गेलेला. "मुक्ता, आदी तिला पाज. सकालीच आडाचं काडून ठेवलंय."

बाईंनी किसनकडे बघितलं. किसनने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. "मावशे, आता गरम हाय ती. निवली की पाजतो."

मग बाई उभ्या राहिल्या. मी पेटी हलक्या सुरात धरली. बयाबाईंची बोटं चादरीवर टाळ धरल्यासारखी हलत होती. शेवटी शेवटी ती थांबली, पण डोळे उघडे होते आणि मुक्ताबाईंवरच होते.

निघताना किसनने बॉनेट उघडलं. मला वाटलं, चाकावर घालेल. त्याने झाकण फिरवलं आणि तांब्यातलं पाणी थेंबही न सांडता आत ओतलं.

"अरे, खारं आहे ते," मी म्हणालो.

"हाय ना," तो म्हणाला. "उद्या परत धुवीन." आणि आत जाऊन सांगून आला, "मावशे, प्याली ती."

बयाबाई त्याच आठवड्यात गेल्या. गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली.

चला, उठा, आरतीची वेळ झाली. तीर्थ हातावर घ्याल ना, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. दिघ्याच्या बयाबाईंची क्षणभर आठवण काढा.