कोरी पाचर

भाऊ हॉस्पिटलमध्ये खांदा बांधून पडला होता. बहिणीला पाहताच त्याने तोंड फिरवलं.

"तुझ्या नकाशावर थेंब नव्हता, ताई. तो बघूनच आम्ही बोट तळ्यात घातली."

बोट गारांच्या वादळात उलटली होती. त्याचा जोडीदार अजून सापडला नव्हता.

ताई रडार केंद्रात पावसाचा नकाशा लोकांसाठी लावायची. तळ्याच्या दिशेला, रडारच्या अगदी नाकासमोर, एक उंच इमारत उठली होती. लहरी तिच्यावरच आपटायच्या. पलीकडे ढग फुटला तरी पत्ता लागत नसे. इमारतीला परवानगी देताना केंद्राचे साहेब म्हणाले होते, "टेकडीवरचं दुसरं रडार ती बाजू बघेल." बघतही होतं. मग ते दुरुस्तीसाठी बंद झालं आणि नकाशातली तळ्याकडची निमुळती पाचर कोरी राहिली. निरभ्र आकाशही तसंच कोरं दिसतं. 'निदान तिथे काळा रंग भरू या,' म्हणून ताईने साहेबांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. साहेबांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं.

हॉस्पिटलमधून ती तडक केंद्रात आली. साहेब चहा घेत होते.

"वाईट झालं हो. पण निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"निसर्गावर ढकलू नका! आपल्याला दिसत नाही, हे आपल्याला माहीत होतं. लोकांना का नाही सांगितलं?"

"लोक उगाच घाबरले असते."

"घाबरून घरी बसले असते! जिवंत!"

ती खुर्चीत बसली, पाचर काळीकुट्ट केली आणि खाली लिहिलं: 'इथलं आम्हाला दिसत नाही. पाऊस नाही, असं समजू नका.' नकाशा सगळीकडे गेला.

"काढा ते," साहेब गरजले.

तिने माऊस त्यांच्यापुढे सरकवला. "तुम्हीच काढा. सगळ्यांदेखत."

खोलीतले सगळे मान वळवून बघू लागले. तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी विचारत होतं, कधीपासून दिसत नाही? तिने रिसीव्हर साहेबांच्या हातात कोंबला.

"सांगा त्यांना."

साहेब "अं... तसं..." करत राहिले.

जोडीदाराचं प्रेत दुसऱ्या दिवशी काठाला लागलं. ताईची बदली सामानाच्या कोठीत झाली. काळा रंग मात्र पुसायची कोणाची छाती झाली नाही. भाऊ तिच्याशी पुन्हा बोलू लागला. तिचा राग काही उतरला नाही, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.