‘नाही’ पोचलंच नाही

मी डॉक बोलतोय. टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी पडून असलेला, सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात तो वीतभर लांबीचा काळा ठोकळा. कौतुक करून घ्यायला बोलत नाहीये. डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरत नाही, म्हणून बोलतोय.

लॅपटॉपला एकच केबल जोडायची, ती माझी. बाकी सगळा भार माझ्या पाठीवर: वीज, मोठा पडदा, कीबोर्ड आणि इंटरनेटची वायर. कारखान्यात मला तापवून तापवून पारखलं, तेव्हाही मी डळमळलो नव्हतो. मग खोक्यात बंद होऊन, बेबीच्या ऑफिसकडून, मी तिच्या घरी आलो.

बेबी चाळिशीला आली, तरी घरात तिला बेबीच म्हणतात. ती दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही अशा पेशंटांना ती घरी बसून, व्हिडिओ कॉलवर, डॉक्टरांचं बोलणं हातांच्या खुणांनी सांगते. तिथे हात म्हणजेच शब्द. चित्र गोठलं की शब्द गेला. म्हणून तिने हॉलमधल्या राउटरपासून आपल्या खोलीपर्यंत, भिंतीच्या कडेकडेने, स्वतः खिळे ठोकत वायर आणली आणि माझ्यात खोचली. वायफाय त्या खोलीत दोन भिंती ओलांडून येतं, धापा टाकत.

आणि हॉलमध्ये असतो तिचा मोठा भाऊ, दादा. घरात कुठलंही यंत्र आलं की त्यातलं सगळं आपल्यालाच कळतं, असं समजणारा माणूस.

त्या दुपारी पडद्यावर एक बाप होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर त्याची मुलगी, अपघातात पाय चिरडलेली. तपासण्या पाहून डॉक्टर शांतपणे म्हणाले, “पाय कापावा लागणार नाही.”

बेबीचे हात उठले. खुणांच्या भाषेत ‘नाही’ शेवटी येतं. पाय. कापणं. आणि नेमकं तेव्हाच माझ्या पाठीतली वायर निर्जीव झाली. दादाचा टीव्ही अडकत होता. राउटरमध्ये वायर खोचायची एकच जागा धड चालते, म्हणून त्याने बेबीची वायर उपटून तिथे टीव्हीची खोचली होती.

लॅपटॉप मुकाट्याने वायफायवर गेला. कोपऱ्यातलं बारकं चिन्ह बदललं, पण बेबीची नजर त्या बापाच्या चेहऱ्यावर होती. मला सगळं कळत होतं आणि मला तोंड नव्हतं. पलीकडे तिचे हात ‘कापणं’वरच थिजले. मग पडदा काळा झाला.

कॉल पुन्हा जुळला, तेव्हा तो बाप जमिनीवर बसला होता. बेबी ‘नाही, नाही’ असे हात करत राहिली, पण तो पडद्याकडे बघेना. शेवटी मुलीनेच खाटेवरून वाकून त्याची हनुवटी वर उचलली.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. “मॅडम, तुमच्याकडे काहीतरी दोष आहे. असं परत झालं तर आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल.”

बेबी बाहेर येऊन आईला हे सांगत होती, तर दादा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, “तो ठोकळा बदल. ऑफिसने फुकट दिलेल्या वस्तू अशाच असतात.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. स्वतः करून सवरून नामानिराळा, आणि बिल माझ्या नावावर. माणसांची ही खोड मी चांगली ओळखतो. यंत्र उलटून बोलत नाही ना, मग ढकला त्याच्यावर.

बेबीने मला खोक्यात भरायला हातात घेतलं. पाठीकडचा, इंटरनेटच्या वायरजवळचा माझा दिवा विझलेला तिला दिसला. ती थांबली. गुडघ्यांवर बसून तिने वायर बोटांनी चाचपत नेली, दाराबाहेर, हॉलपर्यंत. वायरचं टोक टीव्हीमागे लोंबत होतं.

“हे तू काढलंस?”

“मग काय झालं? वायफाय आहे की. आपोआप जोडलं जातं, तुला कळलंसुद्धा नसेल.”

“नाही कळलं. तेच तर झालं.”

“बेबी, जाऊ दे ना आता,” आई म्हणाली. मला आईचाही राग आला.

बेबीने वायर परत लावली. खोलीत येऊन तिने लॅपटॉपला सांगून ठेवलं, माझ्याशी जोडलेला असेपर्यंत वायफाय बंद. दादा दारात उभा होता. “आता वायर निघाली तर सगळंच बंद पडेल,” तो म्हणाला.

“पडू दे. बंद पडलं तर मला लगेच कळेल. मी हॉस्पिटलला फोन करून सांगेन, थांबा. वाक्य अर्धवट तरी राहणार नाही.”

दादाने माफी मागितली नाही. ठोकळा चांगला होता, एवढंही तो कधी म्हणाला नाही.

परवा तो बाप पुन्हा पडद्यावर आला. मुलगी कुबड्यांवर, हसत. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत त्याने बेबीला खूण केली: ‘नाही’ असेल, तर ते आधी सांगा.

आपल्याच भाषेवरचा त्याचा भरवसा उडालाय. हे काही माझ्या हातून दुरुस्त होणार नाही, आणि त्याचा राग मी सोडणारही नाही. तुम्ही मला शिव्या घाला, कपाटात टाका. पण कुठलीही वायर उपटण्याआधी, तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, एवढं उठून बघून या.