टेबल सपाट होईना

वैदेही महाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. घर मात्र पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. शनिवारी दुपारी तिच्या आणि नवऱ्याच्या, देवव्रतच्या, मित्रमंडळींचा पोकरचा डाव तिथे बसे. पैशांऐवजी चिंचोके लावत, आणि हरणाऱ्याने भजी तळायची. जेवणाच्या टेबलावर पत्ते घसरतात, कोपर ठेवायला जागा नसते, म्हणून तिने त्या श्रावणात स्वतःच टेबल करायला घेतलं.

आठ जणांसाठी आठ कोनांचं. प्लायवूड तिने महाडहून कापून आणलं, त्यावर पातळ फोम अंथरला, वर गर्द हिरवं कापड ताणून बसवलं. कडेला रेक्झिनची गादी. पायांना खालून स्क्रू, उंची कमी-जास्त करायला. मागच्या खोलीत, डोंगराकडच्या भिंतीलगत, टेबल उभं राहिलं तेव्हा तिने सपाटी बघायची पाणसळ ठेवून स्क्रू फिरवले. बुडबुडा बरोबर मध्ये आला.

दुसऱ्या दिवशी तो डोंगराच्या बाजूला सरकलेला होता, म्हणजे टेबल दरीकडे उतरतं झालं होतं. पावसाळी हवेने प्लायवूड फुगलं असेल, असं देवव्रत म्हणाला. तिने पुन्हा स्क्रू फिरवले. संध्याकाळी पुन्हा तेच.

मग तिने टेबल अर्धं फिरवलं. दोष टेबलात असता तर दरीकडची बाजू आता चढी दिसली असती. पण दरीकडचीच बाजू पुन्हा उतरती दिसली. तिने पाणसळ उचलून सरळ फरशीवर ठेवली, आणि बुडबुडा तिथेही डोंगराकडे सरकला.

“घर नवं आहे, थोडं बसतंच,” देवव्रत म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. सकाळी त्या खोलीचं दार चौकटीत अडकून बसलं. काल ते नीट लागत होतं. खांद्याने ढकलून त्याने ते उघडलं आणि रेनकोट घातला.

घरामागे दोघं चढून गेले. गवत भिजून आडवं पडलं होतं, त्यामुळे आधी काही दिसलंच नाही. वैदेहीचा पाय घसरला म्हणून तिने छत्री टेकली, तर छत्री मुठीपर्यंत आत गेली. गवत बाजूला केल्यावर भेग दिसली. उतारावर आडवी, त्यांच्या घराच्याही पलीकडे गेलेली. आतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. दोघं हात धरून खाली उतरले. जोरात पाऊल टाकायचीही तिला भीती वाटत होती.

देवव्रतने तहसील कचेरीत फोन लावला आणि गाडी काढली. वैदेही खालच्या घराकडे धावली. तिथे काशीबाई एकटी राहायची, दोन शेळ्यांसोबत. मुलगा मुंबईला. वाटेत वैदेही मनाशी बोलत होती, म्हातारीला कसं पटवायचं, भेग दाखवायची की फोटो. पण काशीबाई ओटीवर बसून होती. चूल थंड होती.

वैदेहीने धापा टाकत सगळं सांगितलं. काशीबाईने ऐकून घेतलं.

“तुला पन भ्या वाटतंय काय गो?” तिने विचारलं.

“हो. खूप.”

“मागचा झरा परवापासून गढूळ येतोय. आज आटलाच. कोनाला बोलले नाय. पोराला कळलं तर तो हितनं नेईल, मग मी परत यायची नाय.”

वैदेहीने काशीबाईचा हात धरला. मग काशीबाईच उठली आणि तिने शेळ्यांचं दावं सोडलं.

गावातल्या शाळेत पोचून त्यांना फार वेळ झाला नव्हता. आधी झाडं मोडल्याचा आवाज आला, मग खूप मोठा ट्रक खडी ओतत असावा तसा, न थांबणारा. शाळेच्या व्हरांड्यात काशीबाई डोंगराकडे पाठ करून शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वैदेहीच्या घराची मागची बाजू गेली, टेबलासकट. काशीबाईच्या घराचं नावनिशाण उरलं नाही. माणूस मात्र एकही गेलं नाही.

आता ते महाडला तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतात. काशीबाईही त्यांच्याकडेच असते. शेळ्या नाते गावात तिच्या भाचीकडे आहेत. मुलगा दोनदा न्यायला आला, दोन्ही वेळा तिने पुढच्या महिन्यावर ढकललं. शनिवारची मंडळी येतात, सतरंजीवर डाव मांडतात, आणि बाहेर सर जोरात आली की सगळेच पत्ते हातात धरून तिचा आवाज ऐकत बसतात. काशीबाई झोपते दाराशी, चपला उशाला घेऊन. आत खाटेवर झोप, असं वैदेहीने तिला कधी म्हटलेलं नाही. तिने स्वतःचं अंथरूणही हळूहळू दाराच्या बाजूला आणलं आहे.