गाडीचा राग उतरवणारे महाराज

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांच्या बाजारामागच्या मैदानात पाय ठेवायला जागा नसायची. बोनेट उघडलेल्या गाड्यांच्या दोन रांगा, मधून वाट, आणि त्या वाटेने खांद्यावर शाल टाकून संथ पावलांनी येणारे महाराज. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हाच माणूस याच बाजारात गाड्यांची दलाली करत होता. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच आठवत नव्हतं.

"लाल दिवा म्हणजे काय?" महाराज विचारायचे.

"गाडीचा राग!" अख्खं मैदान ओरडायचं.

"खटारा म्हणता, डबडं म्हणता. घरच्या माणसांनीच असं बोलल्यावर ती डोळे लाल करणार नाही तर काय करणार? मागा माफी."

मग ते इंजिनावर शाल पसरायचे, शालीखाली हात घालायचे आणि डोळे मिटायचे. चांगला साठीचा, इस्त्रीच्या कपड्यांतला गृहस्थ रेडिएटरपुढे वाकून "चुकलो बाई, परत डबडं म्हणणार नाही" असं मोठ्याने म्हणायचा. महाराज हात बाहेर काढायचे. "फिरवा चावी." आणि महिनाभर छळणारा, डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा खरोखर गेलेला असायचा! लोकांच्या अंगावर काटा यायचा. निघताना महाराज बजावायचे, "चाळीस दिवस बोनेट उघडायचं नाही. गाडी लाजते."

या मैदानापासून दोन गल्ल्या सोडून मिस्त्रीबाईचं गॅरेज होतं. वडिलांच्या मागे ते तिने बावीस वर्षं एकटीने चालवलं होतं. हात कोपरापर्यंत काळे आणि तोंड फटकळ. तिच्या सख्ख्या मोठ्या भावाने, दादाने, महाराजांच्याच मैदानातून एकोणीस वर्षं जुनी गाडी घेतली, तीही तिला न दाखवता.

"घेण्याआधी आणायची होतीस. खालून बघितली असती," ती म्हणाली होती.

"सीट बघ ना, कसल्या नव्याकोऱ्या आहेत!"

"सीट दाबून गाडी थांबत नाही, दादा."

आठवड्याभरात ब्रेकचा लाल दिवा लागला. मागच्या चाकात तेल गळत असणार, दोन दिवस गाडी ठेवून जा, असं तिने सांगितलं. दादाला दोन दिवस फार वाटले. तो महाराजांकडे गेला आणि पुढच्या रविवारी गॅरेजच्या दारात हॉर्न वाजवत उभा राहिला.

"बघ! गेला दिवा! अर्ध्या तासात! तू दोन दिवस मागत होतीस."

ती दुसऱ्या एका गाडीखाली पडून होती. उठून बोनेट उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण दादाचा तो विजयी चेहरा तिला खालूनही दिसत होता, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"मग आता ब्रेकसुद्धा त्यालाच दाबायला सांग," ती म्हणाली आणि पुन्हा पान्याला भिडली.

एकोणीस दिवसांनी उतारावर दादाने ब्रेक दाबला आणि पेडल थेट जमिनीला टेकलं. गाडी भिंतीला घासत खाली गेली. वहिनी शेजारी बसली होती, डावा हात खिडकीबाहेर टेकवून. वहिनी कपडे शिवायची. तिचा हात मशीनवर चालताना बघत बायका आपलं काम विसरायच्या. तो हात डॉक्टरांनी मनगटाच्या वरून काढला.

चेपलेली गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली, तेव्हा मिस्त्रीबाईने पहिल्यांदा तिचं बोनेट उघडलं. ब्रेकच्या तेलाचा डबा ठणठणीत कोरडा होता. त्याच्या झाकणावरची तारेची पिन निघालेली होती. अपघातात पिन तुटते, लोंबकळते. ही मात्र अलगद उपटून पाइपाच्या मागे नीट खोचलेली होती. अर्धं मिनिट, ती स्वतःशीच म्हणत होती, अर्धं मिनिट.

हॉस्पिटलच्या जिन्यात तिने दादाला हे सांगितलं.

"तूच म्हणालीस, त्यालाच ब्रेक दाबायला सांग," दादा म्हणाला. "महाराज म्हणतात, घरात शंका घेणारं माणूस असलं की राग उलटतो. तुझ्यामुळे झालंय हे."

त्यातलं अर्धं तिला स्वतःलाही पटत होतं. मागे दारात वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मला घरी सोडलं की पहिल्या रविवारी त्या मैदानात घेऊन चल," वहिनी तिला म्हणाली. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

त्या रविवारी मैदान तुडुंब होतं. दादाही होता, पुढच्या रांगेत, महाराजांच्या पायाशी. मिस्त्रीबाई वाटेच्या मधोमध उभी राहिली.

"ज्यांच्या गाडीचा राग उतरलाय त्यांनी बोनेट उघडा."

"अहो, चाळीस दिवस झाले नाहीत!" महाराज हसले. "उघडलं की राग परत येतो, ताई."

"येऊ दे की. मला तोच बघायचाय."

लोक ओरडायला लागले, एकाने तिचा दंड धरला. तेव्हा वहिनी पुढे आली आणि बँडेज बांधलेला, मनगटाआधीच संपणारा हात तिने वर धरला. आवाज हळूहळू बसत गेला. एका म्हाताऱ्याने पहिलं बोनेट उघडलं, मग दुसऱ्याने.

अकरा गाड्या होत्या. नऊ गाड्यांची पिन काढलेली, सगळ्यांची पाइपामागे खोचलेली.

"हा ब्रेकच्या तेलाचा डबा," मिस्त्रीबाईने सांगितलं. "झाकणात एक तरंगणारा तुकडा असतो. तेल कमी झालं की तो खाली बसतो, दोन तारा जुळतात आणि दिवा लागतो. ही पिन उपटली की डबा कोरडा पडला तरी दिवा लागायचा नाही. तेल तेवढंच, गळती तीच. गेली ती फक्त सूचना."

तिने एकेक पिन परत बसवली. "फिरवा चावी." नऊपैकी सात गाड्यांत लाल दिवा पेटला. मग तिने महाराजांच्या खांद्यावरची शाल ओढली, सातव्या गाडीवर पसरली, खाली दोन बोटं घातली. दिवा गेला.

"झाले का मी महाराज?"

कुणी हसलं नाही. महाराज गर्दीतून मागे सरकत होते. दादाने त्यांचा सदरा पकडला.

"पण मी माफी मागितली होती," तो म्हणाला. लहान मुलासारखा रडत होता. "मोठ्यानं मागितली होती."

तेवढ्यात सातव्या गाडीचा मालक मिस्त्रीबाईच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आता काढलीच आहे तर राहू द्या तशीच. दुपारी गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"कोण गिऱ्हाईक?"

"नवरा-बायको आहेत. बाई पोटुशी आहे, म्हणून गाडीची घाई आहे त्यांना."

मिस्त्रीबाईने वाकून त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. तो शिव्या देत राहिला. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तिने ती दिली नाही.

महाराजांना पोलिसांनी नेलं. सातांपैकी तीनच गाड्या गॅरेजला आल्या. बाकीच्यांनी मैदानाबाहेर पडायच्या आत आपापली पिन पुन्हा उपटली, हे मिस्त्रीबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तिने तिथेच पडलेल्या एका सुट्या चाकावर उभं राहून सांगितलं, ते ऐकायला जेमतेम वीस माणसं उरली होती.

"गाडीला राग नसतो. लोभ नसतो. तिला तुमचं बोलणं कळत नाही. तिला तेल लागतं, पाना लागतो आणि बघणारं माणूस लागतं. उद्या कुणी म्हणालं, मी नुसत्या हाताने बरं करतो, मग ती गाडी असो की तुमचं पोर, तर त्याच्या पाया पडू नका. त्याला म्हणा, शाल बाजूला कर आणि आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा कर. तो रागावेल. रागावू दे. आणि तुमच्या घरातलं कुणी त्याच्या नादी लागलं, तर माझ्यासारखा टोमणा मारून गप्प बसू नका. उठा आणि बोनेट उघडा."